बोर्डाची मागची बाजू

आजोबा दुसऱ्यांदा परत आले तेव्हा मला त्यांचा चक्क राग आला. कोयत्याने कापलेला अंगठा, त्यावर गुंडाळलेलं फडकं आणि तोंडावर कमालीचा शांतपणा.

"पोरी, तिकडं कुलूप हाय की."

"आजोबा, एवढा मोठा बोर्ड लावलाय वर. 'तातडीचे उपचार' लिहिलंय, शेजारी बाण आहे. बाणाच्या बाजूला जायचं, बस."

"बान बघूनच गेल्तो."

"मग नीट बघितला नसेल."

मी त्यांचा दंड धरून त्यांना योग्य दारापर्यंत सोडलं. लोक वाचतच नाहीत, त्यांच्यासाठी कितीही राबा, असं मनाशी म्हणत परत आले. मग केवळ आजोबाच चुकले याची खात्री करून घ्यायला मी ते ज्या मागच्या दाराने आले होते तिथे गेले, तिथून बोर्डाकडे चालत आले आणि वर बघितलं.

आजोबांनी बाण नीटच बघितला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका ट्रस्टने नवं रुग्णालय बांधलं होतं. आत एक लांबलचक कॉरिडॉर होता. एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला मागचं दार आणि मधोमध चौक. चौकातून एका हाताला तातडीचे उपचार, दुसऱ्या हाताला लाँड्री. त्या चौकात छताला लटकवलेला, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा बोर्ड आमच्या स्टुडिओने केला होता. मुख्य दारातून आत आलं की तातडीचे उपचार डावीकडे, म्हणून बाण डावीकडे. मागच्या दाराने आलेल्या माणसाला अर्थातच तेच ठिकाण उजव्या हाताला लागणार. पण बोर्डाच्या मागच्या बाजूलाही बाण डावीकडेच होता. लाँड्रीकडे.

चौथीतलं पोरही ही चूक करणार नाही. आम्ही केली, कारण आम्ही पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून ती केली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोर्डाला एकच बाजू असते. मी फाइल तयार केली आणि खाली टीप लिहिली, 'दोन्ही बाजूंना हेच.' मग ऱ्हस्व-दीर्घ चार वेळा तपासले, बाणाची जाडी तीनदा बदलली, हिरव्या रंगाच्या दोन छटांवर स्टुडिओतल्या निहालशी अर्धा दिवस वाद घातला. या बोर्डाखालून कुणी उलट्या दिशेने चालत येईल हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. असे लटकते बोर्ड एकूण अकरा होते.

आता माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. मी प्रणोती ढाले, डिझाइन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तीन महिन्यांची इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी मिळत नव्हती आणि इंटर्नशिपसाठी मी एकसष्ट ठिकाणी मेल केले होते. पन्नास जणांनी उत्तरच दिलं नाही. उरलेल्यांनी अनुभव विचारला. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशा फेऱ्यात मी चार महिने गरगरत होते. बासष्टावा मेल या स्टुडिओच्या मालकीण बर्वे मॅडमना गेला आणि त्यांनी बोलावलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्यात चांगलं काय आहे?" मी ऐटीत म्हणाले, "मी सगळं दोनदा तपासते." मॅडम दरवर्षी एका इंटर्नला नोकरीवर कायम करत आणि त्या वर्षी इंटर्न मी एकटीच होते. बाबा बार्शीला एसटीत वाहक होते. पोरगी चिकटलीच असं समजून त्यांनी अख्ख्या डेपोला पेढे वाटून टाकले होते. आणि आज सातव्या आठवड्यात, पालकमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन असताना, मी त्या बोर्डाखाली मान वर करून उभी होते.

निहालला शोधायला मी धावतच गेले. निहाल शेटे आमचा सीनियर डिझायनर. माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण बोलण्यात चाळिशी ओलांडलेला. तो लॉबीत रियाझभाईंबरोबर कोनशिलेचा पडदा नीट करत होता. रियाझभाई मुजावर मिरजेचे, आमचे सगळे बोर्ड त्यांच्याच कारखान्यात तयार झाले होते.

मी दोघांना मागच्या दाराशी नेलं आणि वर बोट दाखवलं. रियाझभाईंना दोन सेकंदांत कळलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला. फाइलमधी जसं होतं तसंच चिकटवलं वो आम्ही."

"तुमची काही चूक नाही, रियाझभाई," मी म्हणाले. "टीप मीच लिहिली होती."

निहाल म्हणाला, "ठीक आहे. कुणी मागून येत नाही."

"आज सगळे मागूनच येतायत. पुढे मांडव घातलाय, पेशंटसाठी मुख्य गेट बंद आहे सकाळपासून."

"तपासणी तर सोमवारपासून सुरू झालीये," रियाझभाई म्हणाले. "पेशंट येत्यातच. मी असं करतो, शिडी आनतो आन् मागचा कागद सोलून काढतो. पांढरं राहू दे तेवढं. अकरा बोर्डांना धरून चला, तास-सव्वातास. हा एक तर दहा मिन्टांत होतो."

"आणि मॅडमनी विचारलं की बोर्ड मागून पांढरे का?" निहालने विचारलं. "अकरा वाजता त्या येतायत. ट्रस्टची आणखी दोन रुग्णालयं व्हायचीत, त्याचं काम मिळतंय की नाही ते आज ठरणार आहे. विश्वस्त त्यांच्यासोबत फिरणार. पांढरे बोर्ड दाखवू त्यांना?"

"चुकीचे दाखवण्यापेक्षा..."

"चुकीचे आहेत हे कुणाला कळणारेय? सगळे पाहुणे मुख्य दारातून येणार. पुढून सगळं बरोबर आहे." त्याने आवाज खाली आणला. "प्रणोती, फाइलवर नाव तुझं आहे. मॅडमना आत्ता कळलं तर तू रात्रीच्या गाडीने बार्शीला. दोन वाजता कार्यक्रम संपेल, अडीचला रियाझभाई सगळ्या मागच्या बाजू बदलतील, मॅडमना आपण सोमवारी सावकाश सांगू. पाच तासांचा तर प्रश्न आहे."

रियाझभाई माझ्याकडे बघत होते. शिडी चार पावलांवर भिंतीला टेकवलेली होती. मला आजही ती शिडी दिसते, तिच्या एका पायाला बांधलेलं सायकलच्या ट्यूबचं रबरसुद्धा.

मी मान हलवली. "ठीक आहे," म्हणाले.

रियाझभाईंनी एक सुस्कारा टाकला आणि ते पडद्याकडे परत गेले.

मग मी माझ्या परीने उपाय काढला. बोर्डाखालीच उभी राहिले. मागच्या दाराने कुणी आलं की, "तातडीचे उपचार का? इकडे, उजवीकडे," असं हात करून सांगायचं. दहा ते अकराच्या मध्ये मी सतरा जणांना वळवलं. मोजत होते, कारण मोजल्याने बरं वाटत होतं. एका बाईने तर, "किती चांगली सोय केलीये, माणूस उभं केलंय," असं म्हणून कौतुकही केलं. मला वाटायला लागलं की निभावून जाईल. चुकीच्या बाणाखाली मी स्वतः बाण होऊन उभी होते आणि त्याचं मला थोडं कौतुकही वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते पण ते खरं आहे.

अकराला मॅडम आल्या. पांढरी साडी, छोटे केस, हातात नेहमीची वही. कॉरिडॉरमधून चालत माझ्यापर्यंत आल्या, पुढूनच, आणि बोर्डाकडे बघून समाधानाने मान हलवली.

"छान बसलाय. तू इथे काय करतेयस?"

तोंडाशी आलं होतं. मॅडमच्या मागे दोन विश्वस्त उभे होते आणि त्यांच्या मागे निहाल. त्याने भुवया किंचित उंचावल्या.

"लोकांना रस्ता दाखवतेय," मी म्हणाले.

"बोर्ड असताना?" मॅडम हसल्या. "चल, कॅमेरा घे. दीपप्रज्वलनाचे फोटो तूच काढ. मुख्य दारात उभी राहा, म्हणजे समईच्या मागे कॉरिडॉर आणि आपला बोर्ड दोन्ही येतील. तो फोटो मला वेबसाइटला हवाय."

"मी इथे थांबले असते तर..."

"प्रणोती. कॅमेरा."

मी रियाझभाईंना शोधलं, तर ते मांडवात अडकले होते, व्यासपीठामागचा फलक एका बाजूने सुटला होता. निहालला म्हणाले, "तू थांबतोस का पाच मिनिटं बोर्डाखाली?" त्याने विश्वस्तांकडे बोट दाखवलं. शेवटी सुरक्षारक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "मंत्री आले की मला पुढंच थांबावं लागतंय, ताई."

चौकात कुणीच उरलं नाही.

मंत्री साडेअकराला आले. फीत कापली, टाळ्या झाल्या, सनई लावली कुणीतरी, तिचा आवाज इतका मोठा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मंडळी लॉबीत समईभोवती जमली. मी मुख्य दारात उभी राहून कॅमेरा डोळ्याला लावला. मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसंच चित्र होतं. समई, मंत्र्यांचा हात, विश्वस्तांचे फेटे आणि त्यांच्या खांद्यांमधून लांबवर आमचा हिरवा बोर्ड. बोर्ड स्पष्ट यावा म्हणून मी भिंग पुढे सरकवलं. आणि बोर्डाखाली मला दोन माणसं दिसली.

एक तरुण बाई होती. तिच्या खांद्यावर एका माणसाने सगळं अंग टाकलेलं. त्याचे पाय फरशीवर ओढत होते, मान छातीवर पडली होती. बाई थांबली. तिने मान वर करून बोर्ड वाचला. नीट वाचला, मला तिचे ओठ हलताना दिसले. मग ती तिच्या डाव्या हाताला वळली आणि माझ्या चौकटीतून बाहेर गेली.

मी ओरडले. "तिकडे नाही! ताई, तिकडे नाही!"

सनईत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. जवळच्या दोघांनी तेवढं वळून पाहिलं. मंत्री दुसरी वात लावत होते. मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि सरळ त्या घोळक्यात घुसले. कुणाच्या तरी पायावर पाय पडला, कुणीतरी "अहो, अहो!" म्हणालं, माझ्या ओढणीने समईच्या बाजूचं फुलांचं तबक खाली आलं. मॅडमचा चेहरा एका क्षणापुरता दिसला. पुढे लांब कॉरिडॉर होता आणि नवी फरशी पुसून गुळगुळीत केलेली होती.

लाँड्रीच्या बंद दारासमोर तो माणूस भिंतीला टेकून खाली बसलेला होता. तोंडातून लाळ गळत होती, शर्ट पुढून ओला झाला होता आणि त्याला औषधाचा उग्र वास येत होता. बाई दोन्ही हातांनी दार बडवत होती.

"उघडा वो! कोन हाय का आत? उघडा!"

"ताई, हे ते दार नाही. चला, उचला त्यांना. तिकडे आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "बोर्डावर..."

"चला आधी!"

एक हात तिच्या खांद्यावर, एक माझ्या. तो माणूस हाडापेराने मजबूत होता आणि आम्हा दोघींना पेलवत नव्हता. चौकापर्यंत आलो तेव्हा समोरून रियाझभाई धावत येताना दिसले. त्यांनी त्याला सरळ पाठुंगळी घेतलं. तातडीच्या विभागाचं दार आजोबांना सोडलं होतं तिथेच होतं, लाँड्रीच्या दारापासून मोजून पन्नास पावलांवर.

"द्राक्षाला औषध मारत हुतं सकाळपासनं," बाई डॉक्टरांना सांगत होती. "तोंडाला फडकं बांधा म्हनलं तर ऐकलं न्हाई. उलट्या झाल्या, मग बोलायचंच बंद झालं."

दार बंद झालं. मी आणि रियाझभाई बाहेर उभे होतो. मागे पावलं वाजली. मॅडम होत्या आणि त्यांच्यामागे निहाल. आम्ही लाँड्रीकडून आल्याचं मॅडमनी पाहिलं होतं. त्या माझ्याकडे न येता चौकात गेल्या, बोर्डाखालून पलीकडे गेल्या, वळल्या आणि वर बघितलं.

"असे किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"टीप कुणी लिहिली?"

"मी."

"फाइलवर निहालची सही आहे आणि त्याच्याखाली माझी. म्हणजे चूक तिघांची आहे, तुझी एकटीची नाही." मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "तुझ्या हे कधी लक्षात आलं? आत्ता, फोटो काढताना?"

इथे मला 'हो' म्हणता आलं असतं. निहाल माझ्याकडे बघत होता. त्यालाही तेच हवं होतं, अगदी जिवाच्या आकांताने हवं होतं. आणि त्यात कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

"साडेनऊला," मी म्हणाले.

मॅडमनी घड्याळात बघितलं. "पावणेबारा झालेत. दुरुस्त करायला किती वेळ लागला असता?"

"हा एक बोर्ड, दहा मिनिटं. रियाझभाई म्हणाले होते."

"आणि मी इथे उभी असताना तू मला सांगितलंस की लोकांना रस्ता दाखवतेयस."

निहाल स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मी त्याचं नाव घेतलं नाही. पुष्कळ वर्षं मला तो माझा मोठेपणा वाटायचा. आता वाटतं, त्याचं नाव घेतलं असतं तरी मान हलवली होती ती मीच.

"चूक तिघांची," मॅडम म्हणाल्या. "सव्वादोन तास तुझे. तीन महिने पूर्ण कर, कॉलेजचं पत्र मिळेल. नोकरीचं मात्र डोक्यातून काढून टाक." मग त्या रियाझभाईंकडे वळल्या. "शिडी आणा. सगळे अकरा, आत्ता. मंत्री असले तरी चालतील."

त्या गेल्या. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. बाबांना काय सांगायचं, डेपोतल्या पेढ्यांचं काय करायचं, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं. मी तिथेच बाकावर बसून राहिले.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. माणूस शुद्धीवर होता, विष उतरवायची इंजेक्शनं चालू होती. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," एवढंच म्हणून ते पुढे गेले. ती बाई दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचं नाव सारिका, ते मला एव्हाना कळलं होतं. एवढ्यात शेजाऱ्याच्या जीपमधून तिची सासू आली. वाळकी, ताठ म्हातारी. लेक शुद्धीवर आहे हे कळल्यावर ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि मग सुनेकडे वळली. बाहेर कुणीतरी तिला सगळी हकीकत आधीच सांगितली होती.

"कापडं धुवायच्या खोलीकडं नेलंस माझ्या लेकाला?"

"आत्याबाई, बोर्डावर तसंच..."

"बारावी शिकलीया, बारावी शिकलीया म्हनून मिरवत हुतीस. बँकेचं कागद मीच वाचनार, खताच्या पुड्या मीच वाचनार. आन् मरनाच्या दारात येवढा बोर्ड वाचता येईना तुला?"

सारिका एकदम खालच्या आवाजात, आत्याबाईंना नव्हे, स्वतःलाच म्हणाली, "घाईत डावं-उजवं कळालं नसंल मला."

मी उठले. मॅडमसमोर उभं राहण्यापेक्षा हे अवघड होतं.

"ताई, तुम्ही बरोबरच वाचलं होतं," मी म्हणाले. "बोर्ड चुकीचा होता. तो मी केलाय. सकाळी साडेनऊला मला ते कळलं होतं, तरी मी काढून टाकला नाही."

सारिकाने माझ्याकडे पाहिलं. आभार मानायच्या बेतात असलेला तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती मला मारेल असं वाटलं आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिने फक्त विचारलं, "मग मी वाचलं ते बरोबर हुतं?"

"हो. अगदी बरोबर."

"मग मला काय सांगताय?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "त्यांना सांगा. मोठ्यानं सांगा."

मी म्हातारीसमोर गेले आणि फरशीवर तिच्या पुढ्यात बसले. सगळं पुन्हा सांगितलं. बोर्ड कोणी केला, बाण कुठे हवा होता, सून कशी नीट वाचून वळली, मी कशी गप्प राहिले. म्हातारीने मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, सुनेकडे एकवार बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आन् तू गं?" तिने विचारलं. "तू किती शिकलीयास?"

"बारावीच्या पुढे चार वर्षं," मी म्हणाले.